गर्दी सुटी करणाऱ्या बाई

तुळजापूरच्या स्टँडवर एसटी फलाटाला लागायच्या आधीच भरते. खिडकीतून रुमाल पडतात, टोप्या पडतात, एकदा तर मी पाय बांधलेली जिवंत कोंबडी सीटवर पडलेली पाहिली आहे, आणि त्या कोंबडीचा हक्क शेवटपर्यंत कुणी मोडला नाही. दारात जी रेटारेटी होते तिच्यात शिकलेला आणि अडाणी असा काही भेद राहत नाही. अशाच एका गर्दीच्या तोंडाशी, एका सकाळी, एक ठेंगण्या बाई गाडीच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. हातात मिटलेली छत्री, डोळ्यांवर गोल चष्मा, पाठ गाडीकडं आणि तोंड गर्दीकडं. मी मनात म्हटलं, संपल्या बाई. आता यांना सोलापूरच्या दवाखान्यात न्यावं लागणार.

बाईंनी सगळ्यात पुढं, कोपरं चालवत येणाऱ्या दांडग्या गड्याकडं पाहिलं आणि घरात पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

गडी थबकला. "आं? तामलवाडी."

"तामलवाडीत कुणाच्या घरातले?"

त्यानं आडनाव सांगितलं.

"मग पुजारी कोण तुमचे हितले?"

त्यानं पुजाऱ्यांचं नाव सांगितलं आणि सवयीनं हात जोडले. स्टँडवर! एसटीच्या दारात! आता हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला मागून ढकलणं आपल्याकडं रीतीत बसत नाही. त्यामुळं त्याच्या मागचा थांबला, त्याच्या मागचा थांबला, आणि बघता बघता जो एकच एक लोंढा होता त्याची माणसं झाली.

"या की मग," बाई म्हणाल्या. "आधी ह्या आजींना चढवा. तुम्ही धरा त्यांचं गाठोडं."

त्या गड्यानं गाठोडं धरलं. मीही चढलो, आणि जागा मिळाली नाही तरी पहिल्यांदाच शर्टाची सगळी बटणं घेऊन चढलो.

तासाभरानं कळलं की ह्याच बाई आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला रुजू झाल्या आहेत. कॉलेजचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात आमच्यासारखी बरीच आहेत: पुढं कमान, मागं ज्वारीचं रान, मधे लिंबाचं झाड आणि झाडाखाली गाड्या. मी तिथं भूगोल शिकवतो. बाईंचा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि स्वतः बाई.

त्या तुळजापूरच्या जुन्या पुजारी घराण्यातल्या. यजमान दारात आला की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा, आणि मग "तुमचे आजोबा आले होते की आमच्याकडं" असं म्हणून त्याला पाटावर बसवायचं, हा त्यांच्या घरचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. बाई त्या उंबऱ्यावर वाढल्या. नवरात्रात त्यांच्या दारावरून जी गर्दी वाहायची तिच्यातला एकेक माणूस वडील कसा अलगद सुटा करून घेतात, हे त्यांनी फ्रॉक घालायच्या वयापासून पाहिलेलं. "गर्दीत माणूस वाईट होत नाही हो," त्या म्हणायच्या. "गर्दीत माणूस स्वतःच्या घरी नसतो. गाव विचारलं की परत येतो."

माणसांना त्या नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. मी 'भूगोल'. इतिहासाच्या सरांना 'इतिहास' म्हणायच्या, तेव्हा ते जरा खिन्न व्हायचे. वाणिज्यच्या सरांना मात्र आपल्याला हाक मारली की दुकान उघडल्यासारखं वाटतं, असं ते स्वतःच म्हणायचे. प्राचार्य हे प्राचार्यच राहिले, कारण त्यांचा विषय कोणता होता हे त्यांनाही आठवत नव्हतं.

आणि एका शब्दावर त्यांची कायमची बंदी होती. स्टाफरूममध्ये प्राचार्य सहज म्हणाले, "अरे, कुणीतरी तो पंखा बंद करा."

बाई पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुणीतरी रजेवर आहेत."

"म्हणजे?"

"कुणीतरी नावाचा माणूस आपल्या स्टाफवर नाही, प्राचार्य. मी मस्टर पाहिलंय. ज्याला सांगायचं त्याचं नाव घ्या, नाहीतर पंखा पेन्शनीपर्यंत फिरेल."

आम्ही हसलो. पण पुढं एकदा झेंडावंदनाला उन्हात एक पोरगी चक्कर येऊन कोसळली, आणि शेकड्यांनी माणसं तिच्याभोवती गोल करून उभी राहिली. मीही त्यात. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काळजी, आणि प्रत्येकाचे हात खिशात. तेवढ्यात ती छत्री गर्दीतून आत घुसली. "तू, लाल ओढणी, पाणी आण. तू, चष्मेवाला, रिक्षा. भूगोल, पाय वर धरा तिचे, नुसत्या टाचा उंच करून बघू नका." दोन मिनिटांत पोरगी सावलीत, रिक्षा दारात. मी नंतर म्हणालो, "बाई, आम्ही सगळे दगडासारखे उभे होतो हो." त्या म्हणाल्या, "दगड नव्हता. तुम्ही प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत होता. माणसं जितकी जास्त, तितकी वाट लांब."

चोरीच्या बाबतीतही त्यांचं शास्त्र असंच, कुलपापेक्षा माणसांवर भिस्त ठेवणारं. लिंबाखाली लावलेल्या गाड्यांतून पेट्रोल जायचं. प्राचार्यांनी पाटी लावली: 'सावधान! येथे पेट्रोलची चोरी होते.' चोरी वाढली. बाई म्हणाल्या, "पाटी वाचून ज्याला सुचलं नव्हतं त्यालाही सुचलं." मग त्यांनी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवाल्या चाचांना गाठलं. चाचा म्हणजे पांढरी दाढी, ढगळ सदरा, आणि कॉलेजातल्या प्रत्येक पोराची उधारी तोंडपाठ.

"चाचा, टपरी आत लिंबाखाली घ्या."

"क्या मॅडम, मेरेकू चौकीदार बनाते क्या? पगार देते क्या प्रिन्सिपल?"

"चौकीदार नको. तुम्ही फक्त चहा करा. आणि बाक गाड्यांकडं तोंड करून मांडा."

टपरी आत आली. चाचांनी कुणावर नजर ठेवली नाही की कुणाला हटकलं नाही, त्यांना दुधातून डोकं काढायला सवड नव्हती. पण गाड्यांपाशी आता कायम चार ओळखीची माणसं बशीतून फुर्र करत बसलेली. पेट्रोल जायचं थांबलं. "चोराला जेलची भीती दूरची असते," बाई मला म्हणाल्या. "ओळखीच्या माणसानं 'काय रे, काय करतोस?' असं विचारायची भीती जवळची." आणि मग चाचांना, "ह्यांच्या चहात साखर कमी टाका, भूगोल पसरतोय."

हे सगळं मी रंगवून सांगतो, कारण मला रंगवायला आवडतं. पण बाई कोण होत्या हे ज्या प्रकरणात मला कळलं ते रंगवण्याची गरज नाही.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मल्हारी नावाचा पोरगा होता. अणदूरचा. वडील वाघ्या, म्हणजे खंडोबाचे सेवेकरी. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात डिमडी, गावोगाव जागरणं घालायची. पोरगा घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. दिसायला काटकुळा, वागायला सरळ, उत्तरं येत असूनही हात वर न करणारा.

त्याच वर्गात धैर्यशील होता. मोठं रान, मोठी गाडी, मोठा आवाज. पोरगा मुळात वाईट नव्हता असं प्रत्येक मोठ्या घरच्या पोराबद्दल म्हणायची पद्धत आहे, म्हणून मी काही म्हणत नाही. त्यानं एक खेळ काढला. मल्हारी वर्गात शिरला की मागच्या बाकावर बोटांनी डिमडी वाजायची. मग धैर्यशील ओरडायचा, "येळकोट येळकोट!" वर्ग ओरडायचा, "जय मल्हार!" आणि पुडीतली हळद मल्हारीच्या अंगावर उडायची.

आता खरी गंमत पुढंच होती, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं. हळद अंगावर पडली की दुसरं कुणीही ती झटकेल. मल्हारीला झटकता येत नसे. हळद वाण्याकडची आहे हे त्यालाही ठाऊक होतं. पण देवाचं नाव घेऊन उधळली की तिचा भंडारा झाला, आणि भंडारा झटकायचा नसतो, हे त्याच्या घरात बोलायला लागायच्या आधी शिकवलेलं. तो खांद्यावरची चिमूट उचलायचा आणि कपाळाला लावायचा. त्या क्षणी वर्ग हसायचा. त्या एका क्षणासाठीच तो सगळा खेळ होता. पोराची श्रद्धाच त्याच्यावर फिरवलेली. इतकी हुशार दुष्टाई मी तोवर पाहिली नव्हती.

तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली. प्राचार्यांनी त्यांच्या शिरस्त्याप्रमाणं नोटीस काढली: 'काही विद्यार्थी वर्गात सर्रास टवाळी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.' दुसऱ्या दिवसापासून पोरं ती नोटीस आरतीच्या चालीवर म्हणू लागली आणि हळद दुप्पट उडू लागली.

बाई नोटीस वाचून लाल झाल्या. "सर्रास? प्राचार्य, तुम्ही सगळ्या कॉलेजला सही-शिक्क्यानं कळवलंत की हे सर्रास चालतं. म्हणजे जो करत नाही तोच वेगळा पडला!"

"मग काय करू? धैर्यशीलला काढून टाकू?"

"काढा. उद्या त्याचा फोटो लागेल फाटकावर, फ्लेक्सवर. अहो, तो नट आहे. नटाला काय शिक्षा करता? तिकिटं कोण काढतंय ते बघा."

तिकिटं काढणाऱ्यांना बघायचं म्हणजे त्या वर्गातल्या हसणाऱ्यांना. बाईंनी एकेकाला चाचांच्या टपरीवर चहाला बोलवायला सुरुवात केली. एका वेळी एकच. चौकशी नाही, दमदाटी नाही. गाव कुठलं, ऊस किती, बहिणीचं जमलं का, आणि मग चहा संपता संपता, "ते हळदीचं तुला आवडतं का रे?"

एका दुपारी बाई स्टाफरूममध्ये शिरल्या त्या अक्षरशः गिरकी घेत. छत्रीसकट.

"भूगोल! पुन्हा तेच वाक्य!"

"कुठलं?"

"प्रत्येक जण तेच म्हणतोय. 'मला न्हाय आवडत मॅडम, पण बाकी सगळ्यांना मज्जा वाटती. म्या एकट्यानंच कशाला तोंड वाकडं करायचं?' बेंबळीची ती पुढच्या बाकावरची सुनीता, ती म्हणाली. तिच्यामागचा म्हणाला. त्याच्यामागचा म्हणाला. सगळे एकट्यानंच म्हणतायत!"

"आणि यात गिरकी घेण्यासारखं काय आहे?"

बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "अहो, त्या वर्गाला हे नकोय. आख्ख्या वर्गाला. पण प्रत्येकाला वाटतं, नको असलेला मी एकटाच. ते धैर्यशीलला भीत नाहीत, भूगोल. जी गर्दी नाहीच, तिला भितात."

"आणि धैर्यशील? तो आला होता चहाला?"

"आला होता. म्हणाला, मी काय मारलं का त्याला? पोरं हसतात म्हणून करतो. आता थांबलो तर म्हणतील, धैर्या थंडावला." बाईंनी छत्री टेबलाला टेकवली. "तोही त्याच गर्दीला भितोय."

मला वाटलं, आता बाईंना वेळ मिळेल. नाही मिळाला. त्याच आठवड्यात मल्हारीनं टीसीसाठी अर्ज दिला आणि न्यायला त्याचे वडील आले.

आबा लिंबाखाली बाकावर बसले होते. डोक्याला फेटा, पाठीला डिमडीची पिशवी. इथून तसेच कुठल्यातरी गावाला जागरणाला जायचं होतं. मी जवळ जाऊन बसलो.

"काय ठरवलंत, आबा?"

"पोरगं म्हणतंय न्हाय शिकायचं. तुमच्यासंगट येतो म्हणतंय, जागरणाला."

"मग चांगलंच की. परंपरा चालेल."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. "सर, वाघ्या व्हायला लाज न्हाय. माझा बाप वाघ्या, म्या वाघ्या. पर देवाच्या दारात चालत यावं मानसानं. पळून आलेला वाघ्या नगं."

ऑफिसात प्राचार्य टीसीवर सही करायला बसले होते. "जाऊ द्या हो बाई, एका पोरानं काय होतंय?"

"जाणारा एक असतो, प्राचार्य," बाई म्हणाल्या. "ते बघून शिकणारा आख्खा वर्ग असतो. एका माणसाला गावातून कसं घालवायचं, हे आपण त्यांना पदवीच्या आधी शिकवून सोडणार." मग दारात उभ्या असलेल्या मल्हारीकडं वळल्या. "मल्हारी, माझा एक तास बस. त्यानंतर तुला जायचं असेल तर मी स्वतः स्टँडवर सोडते."

"नगं मॅडम. परत हसतील."

"हसले तर मी चुकले. पण तू बघितल्याशिवाय जाऊ नकोस."

त्यानं खांद्यावरचं दप्तर उतरवून हातात घेतलं. मग म्हणाला, "एकच तास."

बाईंनी मला दारात उभं केलं. "कुणाला आत सोडू नका आणि कुणाला बाहेर. आडवं उभं राहा. तुमच्या शरीराचा कॉलेजला आज उपयोग आहे."

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. टपरीवर एकट्यानं चहा पिताना माणूस काहीही बोलतो. वर्गात तेच पोरगं तसं वागेल याची हमी काय? हात वर झाले नाहीत तर मल्हारी बाहेर पडेल तो हे पक्कं करून पडेल की जगात सगळेच आपल्यावर हसतात. मग त्याला कुठलं कॉलेज परत आणणार? मी हे बाईंना दारातच कुजबुजलो. त्या म्हणाल्या, "मलाही भीती वाटतेय. गप्प राहा."

त्या फळ्यापाशी गेल्या. मल्हारी शेवटच्या बाकाच्या कडेला, दप्तर मांडीवर धरून. धैर्यशील मागच्या रांगेत मधोमध, हाताची घडी.

"आज प्रात्यक्षिक," बाई म्हणाल्या. "सगळे डोळे मिटा. पूर्ण. बोटांच्या फटीतून बघणाऱ्याला मी नापास करीन, आणि मला कळतं."

खिदळणं झालं. डोळे मिटले.

"आता विचारते ते ऐका. कुणाच्या अंगावर काही टाकून हसायचं, हे ज्याला मनातून नको वाटतं, त्यानं हात वर करा. कुणी बघत नाही."

त्या खोलीत फक्त आम्हा दोघांचे डोळे उघडे होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. बाहेर चाचांच्या स्टोव्हचा आवाज येत होता. मग पुढच्या बाकावरच्या सुनीताचा हात वर गेला, अगदी सरळ, बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हातानं धरलेला. मग तिच्या मागचा. मग डावीकडं एकदम तीन-चार. काही हात खांद्यापर्यंत येऊन अडकले, मान खाली गेली, आणि पुन्हा वर गेले. शेतात पाणी सोडल्यावर सरी एकीमागून एक भिजत जातात तसा तो वर्ग वर येत गेला. शेवटी मल्हारीचाही हात, दप्तरावरून सुटून, वर.

"हात खाली घेऊ नका," बाई म्हणाल्या. "आता डोळे उघडा. आणि मागं वळून बघा."

वर्गानं डोळे उघडले. मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, पण असा पडदा उघडलेला पाहिला नाही. हातांचं रान उभं होतं. प्रत्येक जण आपला हात बघत नव्हता, शेजाऱ्याचा बघत होता. "तू पण?" सुनीता मागच्याला म्हणाली. "मग तू पण?" तो म्हणाला. आणि मागच्या रांगेत, मधोमध, धैर्यशीलचा हात वर होता.

आता इथं मी शपथेवर काही सांगू शकत नाही. शेवटच्या क्षणाला मी मल्हारीकडं बघत होतो. धैर्यशीलनं आधीच हात वर केला होता, की डोळे किलकिले करून सगळ्यांचे हात बघून मग केला, हे मला ठाऊक नाही. नंतर बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कसा का होईना, वर गेला. आता सगळ्यांसमोर वर गेलेला हात खाली आणून त्यात परत हळद घ्यायची म्हणजे लाज सोडायला लागेल. तेवढी हिंमत त्याच्यात नाही. बहुतेकांत नसते, म्हणून तर जग चाललंय."

त्या वर्गाला मात्र बाईंनी एक अक्षर सुनावलं नाही. उपदेशाची एवढी सोन्यासारखी संधी, मी असतो तर पाऊण तास घेतला असता! त्या फक्त म्हणाल्या, "हात खाली. तास संपला."

वर्ग बाहेर पडला, जरा गप्प, जरा गोंधळलेला. व्हरांड्यात तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा कठड्याला टेकून उभा होता. त्याला आतलं काही माहीत नव्हतं. मल्हारीला दप्तरासकट येताना बघून त्यानं खिशातून पुडी काढली. "येळकोट येळकोट!" आणि हळद उडाली.

मल्हारी थांबला. खांद्यावरची चिमूट उचलून त्यानं कपाळाला लावली.

कुणी हसलं नाही.

तो पोरगा वाट बघत राहिला. हसू येईल म्हणून अर्धं हसून बघितलं. धैर्यशीलकडं बघितलं. धैर्यशील भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागला होता, जन्मात पहिल्यांदाच. एवढ्या शांततेत पडलेला विनोद मी माझ्या स्वतःच्या तासालाही पाहिलेला नाही.

मग सुनीता पुढं आली. "दादा, येळकोट म्हणलासा ना? मग भंडारा पायदळी पडलाय. उचला की." आणि ती स्वतः वाकली. जमिनीवरची चिमूट बोटांवर घेऊन तिनं कपाळाला लावली. तिच्या मागं दोघी वाकल्या. मग पोरं. तो तिसऱ्या वर्षाचा पोरगा इकडंतिकडं बघत शेवटी वाकला, कारण उभा असलेला तो एकटाच राहिला होता. धैर्यशील सगळ्यांत शेवटी. त्याला वाकायला वेळ लागला, पण वाकला. बोटांना लागलेली हळद त्यानं जरा वेळ नुसती बघितली आणि मग कपाळाला टेकवली.

पिवळ्या कपाळांचा तो घोळका लिंबाखालून निघाला तेव्हा आबा बाकावरून उठून उभे राहिले. त्यांनी मलाच विचारलं, "सर, आज काय सण हाय का हितं?"

मी काही बोलायच्या आत मल्हारी पुढं झाला. दप्तर त्यानं पाठीला लावलं होतं. "न्हाय आबा, सण न्हाय. तुम्ही व्हा फुडं. माझा तास हाय."

"कसला?"

"भूगोलाचा. ह्या सरांचा."

आबांनी मला फेट्यापासून... म्हणजे मला फेटा नव्हता, टकलापासून चपलांपर्यंत निरखून घेतलं. मग पोराकडं पाहिलं. पोराच्या कपाळाकडं, मग मागं उभ्या असलेल्या सगळ्या कपाळांकडं. बराच वेळ. प्राचार्य टीसी घेऊन पायरीपर्यंत आले होते, त्यांना आबा म्हणाले, "राहू द्या सायेब. पोरगं चालत हाय." आणि पिशवी सावरून ते स्टँडकडं निघाले. एकटेच. पण चाल अशी की पुढं वाजंत्री असावी.

मी तिथंच उभा राहून बघत होतो. छाती अशी भरून आलेली, की जणू सगळं मीच केलं होतं. तेवढ्यात छत्रीचं टोक माझ्या पाठीत बसलं.

"भूगोल, उगा उभं राहू नका," बाई म्हणाल्या. "पोरानं तुमच्या तासासाठी बाप परत पाठवलाय. नीट शिकवा."